टारफुला

भाद्रपदात खरिपाची ज्वारी चांगली वाढीला लागलेली असते. पावसाने जमीन ओली असते; तरीही एखाद्या वावरातील ताटे माना टाकून उभी असतात. पाने पिवळी पडतात, वाढ खुंटते, कणसे भरत नाहीत. पायाखाली ओल आणि पिकाला मात्र तहान, असा हा विपरीत प्रकार! जाणता शेतकरी वाकून ताटांच्या बुडाशी पाहतो आणि चोर सापडतो. तेथे वीतभर उंचीची, पांढऱ्या फुलांची एक नाजूक वनस्पती वाऱ्यावर डोलत असते. हाच तो टारफुला. इंग्रजीत या तणाला 'विचवीड', म्हणजे चेटकिणीचे तण, म्हणतात ते उगीच नव्हे.

टारफुल्याची पाने अरुंद व खरखरीत असतात, फुले लहान व दोन ओठांची. आफ्रिकेतील त्याच्या भाऊबंदांना लाल किंवा जांभळट गुलाबी फुले येतात. बांडगूळ आंब्याच्या फांदीवर उघडपणे ठाण मांडते. अमरवेल झाडावर पिवळे जाळे पसरते. टारफुल्याची चोरी मात्र जमिनीखाली चालते. पाने हिरवी असल्यामुळे तो थोडेफार अन्न स्वतः तयार करतो. पण त्याची मुळे ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्या मुळांत घुसून त्यांचे पाणी, क्षार आणि तयार अन्न शोषून घेतात. रोप जमिनीवर दिसू लागते, त्याआधी काही आठवडे ही लूट सुरू झालेली असते. म्हणूनच ते दिसते तेव्हा पिकाचे पुष्कळसे नुकसान होऊन गेलेले असते.

त्याचे बी धुळीच्या कणाएवढे बारीक. एका झाडापासून अशी हजारो बीजे तयार होतात आणि ती दहा-दहा वर्षे मातीत जिवंत राहतात. त्यांच्यापाशी अन्नाची शिदोरी फारच थोडी. आश्रय देणारे मूळ जवळ नसताना ते रुजले, तर चार-सहा दिवसांत मरून जाते. मग अंधाऱ्या मातीत त्याला त्या मुळाची चाहूल लागते कशी?

या कोड्याचा पहिला धागा १९६६ साली हाती आला. टारफुल्याच्या बियांना जागे करणारे एक द्रव्य शास्त्रज्ञांनी कपाशीच्या मुळांतून वेगळे केले. त्याला 'स्ट्रायगॉल' हे नाव मिळाले. पुढे ज्वारी, मका अशा अनेक वनस्पतींच्या मुळांतून त्याच कुळातील द्रव्ये पाझरतात, असे आढळले. पण आपल्याच शत्रूला जागे करणारे द्रव्य वनस्पती का बनवते? याचे उत्तर २००५ साली मिळाले. मातीत काही उपकारक बुरशी असतात. त्या मुळांशी जोडल्या जाऊन पिकाला स्फुरद मिळवून देतात. जमीन निकस झाली, की मुळे हे द्रव्य अधिक पाझरून त्या बुरशींना साद घालतात. मित्राला घातलेली ती साद चोराच्याही कानी पडते!

ही युक्ती ओळखल्यावर माणसाने तीच चोरावर उलटवली. कपाशी आणि भुईमूग टारफुल्याचे बी जागे करतात, पण त्याला आश्रय देत नाहीत. अशा पिकांची फेरपालट केली, की जागे झालेले बी उपाशी मरते. १९५६ साली अमेरिकेतील कॅरोलायना भागात हे तण मक्यात आढळले, तेव्हा तेथे पुढे मातीत इथिलीन वायू सोडून हाच डाव साधण्यात आला. इथिओपियातील एका खेड्यात जन्मलेले शास्त्रज्ञ गेबिसा एजेटा यांनी, ज्यांच्या मुळांतून हे द्रव्य फार कमी पाझरते असे ज्वारीचे वाण निर्माण केले. आफ्रिकेतील गरीब शेतकऱ्यांना त्यांचा मोठा आधार झाला. २००९ साली एजेटांना 'जागतिक अन्न पुरस्कार' मिळाला.

टारफुल्याच्या काही जाती गावठी औषधांत वापरल्या गेल्या आहेत. पण त्याचा याहून मोठा उपयोग ज्ञानाचा आहे. त्याचा माग काढताना जी द्रव्ये सापडली, तीच झाडाला फांद्या किती फुटाव्यात हेही ठरवतात, असे २००८ साली कळून आले. शत्रूचा अभ्यास करताना पिकाचेच एक गुपित उलगडले.

शेतात मात्र जुना उपायच अजून खरा ठरतो. निकस जमिनीत टारफुला माजतो. शेणखताने पोसलेल्या जमिनीत त्याचा जोर कमी पडतो. आणि भांगलणीच्या वेळी, फुलावर येण्यापूर्वीच, त्याला उपटावे लागते. वेळीच उपटलेला एक टारफुला म्हणजे मातीत न पडलेली हजारो बीजे. एका वर्षीचा आळस मात्र पुढची दहा वर्षे फेडावा लागतो.