निर्भेळ की मिश्र

मूर्तिजापूरकडचं गाव, भाद्रपद. काकूंच्या वावरात सोयाबीन, मधे तुरीची तासं. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपने विचारलं: निर्भेळ पीक की मिश्र? काकू म्हणाल्या, “निर्भेळ म्हंजे काय व बाई?” सत्तर हंगाम पाहिलेली बाई एका शब्दावर अडली. मागच्या वर्षी कुणीतरी घाईत ‘निर्भेळ’ दाबून दिलं होतं. सातबाऱ्यावर नुसतं सोयाबीन चढलं, आणि तूर हमीभावाला नेताना नोंदच नाही.

ही पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. आपला पेरा आपणच नोंदवायचा, हा हक्क मला मोलाचा वाटतो. पण दाबतो कोण? भाचा, नाहीतर सेतू केंद्रावरचा पोरगा.

तशीच शब्दाची अडचण हरिसालला. धारणी तालुका, मेळघाट. राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने मिळून 2016 मध्ये ‘डिजिटल गाव’ केलं. दूरवरच्या डॉक्टरला पडद्यावर दाखवायची सोय आली. डोंगरातल्या माणसाला ती किती मोठी, हे तिकडच्या रस्त्याने गेलेल्यालाच कळेल. मात्र घरात कोरकू बोलणाऱ्या बाईला पडद्यावरची मराठीही परकीच. मोबाईल शिकवणं तिच्या भाषेतून सुरू व्हायला हवं.

कापसाचंही तेच. 2025 च्या हंगामात तो सीसीआयला (कापूस निगमाला) द्यायचा तर आधी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी. लांब धाग्याचा हमीभाव तेव्हा क्विंटलला 8110 रुपये होता. नोंदणी जमली नाही, तर खेडा खरेदीवाल्याचा काटा आणि त्याचाच भाव.

नोंदणीला लागतो ओटीपी. नंबर जोडलेला पोराचा, पोरगा पुण्याला कंपनीत. शिफ्ट सुटेपर्यंत आई सेतू केंद्राच्या पायरीवर. तिची मजुरी बुडते. आईचा नंबर आईच्याच नावाने जोडून देणं, हा मी पहिला धडा मानते.

केंद्र सरकारची 2017 ची डिजिटल साक्षरता योजना होती: घरटी एक माणूस, 20 तास. वर्ग चांगलाच होता, पण निंदणाच्या दिवसांत खोलीत कोण बसणार? बांधावर, नोंद करायच्या दिवशी, त्याच मोबाईलवर शिकवलेलं टिकतं. वावरात रेंज नसली तर फोटो काढून ठेवावा, गावात येऊन अपलोड करावा, एवढं सांगितलं तरी एक खेप वाचते.

काकूंनी यंदा स्वतः ‘मिश्र’ दाबलं. फोटो घेताना पदर आडवा आला, दुसऱ्यांदा घेतला. मग सोयाबीन, तूर, दोन्ही नावं बोट ठेवून मला वाचायला लावली.