तातीचा फास, तेरचे कपाट

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी तिचे साम्य जाणकार आवर्जून दाखवतात, आणि तगर म्हणून हे गाव ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथाच्या लेखकाला ठाऊक होते, तेही सांगतात. मला मात्र तिचे वेगळेच नवल वाटते. हस्तिदंत ओल पितो, फुगतो, कोरडा पडला की तडकतो. तरी तो शतकानुशतके मातीत निभावला. तिकडे परांड्याच्या किल्ल्यावर तोफा ऊनपाऊस खात पडून आहेत आणि अजून कित्येक पिढ्या राहतील. या धाराशिव जिल्ह्यात व्यापाऱ्याची चैन टिकली, सरदाराची लढाई टिकली. याच माळरानावर हरीण, ससा, तित्तर धरून पोट भरणाऱ्या फासेपारध्याचा फास मात्र कुणी जपून ठेवावा, असे आपल्या मनातही येत नाही. तो ठेवावा, तेरलाच ठेवावा, आणि तो ओलीपासून कसा राखायचा हे आधी पारध्यालाच विचारावे, असे माझे म्हणणे आहे.

हा फास दिसायला अगदी साधा. एका दोरीला ओळीने सरकफास, आणि ते जमिनीवर उभे राहावेत म्हणून रोवायच्या काड्या. पाखरांसाठी घोड्याच्या शेपटीचे केस, हरणासाठी जनावराच्या स्नायूची तात. शिकवलेल्या बैलाच्या आडोशाने पारधी कळपाजवळ सरकतो आणि कळपाला हळूहळू फासाकडे वळवतो. सगळे कसब त्या तातीच्या पिळात. पण तात म्हणजे शेवटी प्रथिन. पाणी लागले की ती मऊ पडते, लांबते, सरकफासाचे तोंड ढिले होते. उन्हात वाळली की आखडते आणि कडक होते. असे ओले-सुके होत राहिले की तिचे धागे सुटू लागतात. शिवाय उंदराला ती खाद्य वाटते आणि चामडे खाणाऱ्या किड्यालाही. पालात राहणाऱ्या माणसाकडे भिंत नाही, फडताळ नाही. त्याचे हत्यार गुंडाळून उचलता यावे आणि चार पावसाळ्यांनंतरही कामाला यावे, यात किती शहाणपण साठले असेल! ओलीची हीच अडचण राजदरबारांनाही होती. शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने जोडून केलेले धनुष्य हे मोठे देखणे आणि जोरकस हत्यार, पण आपल्या दमट हवेत सरस सुटतो, थर उकलतात. म्हणून हिंदुस्थानात पोलादी धनुष्ये घडवली गेली. त्यांची फेक कमी पडत असे, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी ती हाक मारताच कामाला येत. बंदूक आली तरी ओल काही सुटली नाही. दारू सर्दावली की बार फुसका जातो. शिकारीच्या चामडी पट्ट्यात महिनोन्‌महिने राहिलेली पितळी काडतुसे काढून पाहा. जिथे चामडे लागलेले असते, तेवढ्याच भागावर मेणासारखा हिरवा कळक धरलेला असतो, नखाने खरवडला तर निघतो आणि खाली पितळ खड्ड्याखड्ड्यांचे झालेले दिसते. मऊ, उबदार, जपणारे वाटणारे चामडेच हवेतली ओल धरून ठेवते आणि धातूला खाते. म्हणून बंदूक खोळीत घालून ठेवू नये, तेलाचा हात फिरवून मोकळ्या हवेत ठेवावी, हे जुने जाणते सांगत आले. आवरणाने राखण होतेच असे नाही, हे या सगळ्या साहित्याने शिकवलेले आहे.

धाराशिवची हवा एरवी अशा वस्तूंच्या बाजूची. बालाघाटाच्या या पठारावर वर्षाचा पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास, कोकणाच्या मानाने कितीतरी कमी. ज्वारी पेवात ठेवून ती वर्षानुवर्षे खाणाऱ्या मुलखाला कोरडेपणाची किंमत कुणी शिकवायला नको. अडचण आहे ती चढउताराची. चैत्र-वैशाखात हवा रखरखीत आणि भाद्रपदात ओलीचिंब. हवेची सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत स्थिर राहिली तर तात, केस, हाड, चामडे यांना बरे. ६५-७० टक्क्यांच्या वर बुरशी धरते. त्यासाठी राजवाडा लागत नाही. घट्ट झाकणाची काचपेटी, तिच्या पोटात ओल शोषणारे सिलिका जेल, एक आर्द्रतामापक आणि दर पंधरवड्याला त्याच्याकडे पाहणारा माणूस एवढे पुरे. शिसवी कपाटे आणि मखमली गाद्या मला या कामी नकोशा वाटतात. त्या पाहणाऱ्याला थाट दाखवतात, वस्तूला काही देत नाहीत.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा येईल. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली झाला, १९९१च्या दुरुस्तीने शिकारीची उरलीसुरली वाटही बंद केली. मग बंदी घातलेल्या कामाचे हत्यार कशाला मिरवायचे? बंदी मला मनापासून मान्य आहे. काळविटाने माळावर निर्धास्त चरावे. पण कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात राजघराण्याची शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे लोक तिकीट काढून पाहतात, आणि तिथे हा प्रश्न कुणी विचारत नाही. हौसेची शिकार वारसा ठरते आणि पोटाची शिकार गुन्हा, ही वाटणी मला पटत नाही. दुसरा आक्षेप खरा जड आहे. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेला जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून निघाला, माणसांच्या मनातून नाही. वाशी-कळंबकडच्या पारधी पिढीवर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, राहणाऱ्या मुलाला शाळेत आजही त्याचा जाच होतो. अशा वेळी फास काचेत मांडला, तर तोच शिक्का पुन्हा उमटणार नाही का? मांडणाऱ्याने निष्काळजीपणा केला तर उमटेल. पण आज हा फास लोकांसमोर येतो तो पोलिसांच्या पंचनाम्यातून. गुन्हा शाबीत झाल्यावर सापळे आणि हत्यारे सरकारजमा होतात, असे वन्यजीव कायद्याचे ५१वे कलमच सांगते. म्हणजे त्या वस्तूची एकमेव नोंद मुद्देमाल म्हणून होते. म्हणून जप्तीतला फास संग्रहालयात ठेवू नये, असे मला ठाम वाटते. जाणत्या पारध्याला बोलावून, रीतसर परवानगीने आणि योग्य मजुरी देऊन, तो नव्याने वळून घ्यावा. त्याची इच्छा असेल तर पाटीवर त्याचे नाव लिहावे, आणि मजकूर कसा असावा हे वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी ठरवावे.

कुणी म्हणेल, फोटो आणि चित्रफीत काढली की भागले. भागत नाही. तात किती पिळली, गाठ कुठे बसली, बोटाने ओढली तर ती किती ताण देते, हे चित्रात उतरत नाही. आणि उत्तम पेटीतली तातही केव्हातरी झिजेल, हे मी मान्य करतो. म्हणून दर आठ-दहा वर्षांनी पुढच्या पिढीतल्या कुणाकडून नवा फास वळून घ्यावा आणि जुन्याशेजारी ठेवावा. त्या मजुरीची तरतूद काचपेटीच्या खर्चाबरोबरच, पहिल्याच अंदाजपत्रकात करायला हवी.