पत्ता

१९९७ साली आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढाव्या लागत. आत एसी आणि टर्बो सीचा निळा पडदा. एका मशीनवर तिघं. कीबोर्ड ज्याच्या पुढ्यात तो शिकायचा, बाकीचे दोघं माना डोलवायचे.

त्या दिवाळीत घरी असेम्बल केलेलं मशीन आलं. लॅबमधलं टर्बो सीचं फोल्डर तुकडे करून फ्लॉप्यांवर भरून आणलं. एका फ्लॉपीत मावणार १.४४ एमबी. त्यातली एक घरी येईपर्यंत दगावली, म्हणून परत हेलपाटा. सगळं डी ड्राइव्हमध्ये उतरवलं, चार ओळींचा प्रोग्राम लिहिला, कंट्रोल आणि एफ-नाइन दाबलं. एसटीडीआयओ फाइल उघडता येत नाही, म्हणे! अरे, मी स्वतः सायकलवरून आणलीय ती. दोन दिवस सेमीकोलन तपासत बसलो. यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' पालथं घातलं. शेवटी वरच्या वर्गातला एक जण आला, ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीज उघडल्या आणि तिथल्या 'सी'चं 'डी' केलं. बिऱ्हाड हललं होतं. पत्ता लॅबमधलाच राहिला होता.

पुढे जावा शिकताना पुन्हा तेच. कमांड लिहिली की विंडोज आधी चालू फोल्डरमध्ये बघतं, मग 'पाथ' नावाच्या यादीतले फोल्डर ओळीने धुंडाळतं. तिथे नाही मिळालं तर सरळ ओळख नाकारतं. आता हे मला ठाऊक होतं. त्यामुळे मोठ्या ऐटीत पाथमध्ये जावाचा पत्ता लिहिला, तोही आधीची यादी पुसून. सेमीकोलन टाकून पुढे जोडायचा असतो, हे नंतर कळलं. जावा धावू लागली, पण पिंगसारखी रोजची कमांडही मशीन ओळखेना.

परवा भाचीच्या लॅपटॉपवर पायथन टाकलं. काळ्या खिडकीत तिने 'पायथन' लिहिलं, एंटर मारलं, तर मायक्रोसॉफ्टचं स्टोअरच उघडलं. "मामा, हा मलाच सांगतोय पायथन घ्या म्हणून. आत्ताच घेतलं ना?" घेतलं होतं; पत्ता द्यायचा राहिला होता. पायथन सापडलं नाही की स्टोअर उघडायचं, ही सोय विंडोज १० मध्ये २०१९पासून आहे. सोय म्हणायची ती विंडोजची, शिकणाऱ्याचा तिच्यामुळे गोंधळच जास्त होतो.

शिकवणारे 'हॅलो वर्ल्ड'पासून सुरुवात करतात. त्याआधीचा तास-दीड तास कुठल्याच तासिकेत धरलेला नसतो. मला तर तेवढ्यातच दोनदा वाटलं होतं की हे आपलं काम नाही.

तेव्हा विंडोजवर पायथन टाकत असाल, तर इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी बघा. पाथसाठी एक रिकामा चौकोन असतो. त्यात बरोबरची खूण करा आणि मगच पुढे जा.