धुळीचा हिशेब

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि आकाशातला निळा रंग परत आला. डावा डोळा अजून जुनाच आहे. एकच तारा आळीपाळीने पाहतो: डाव्याला मंद, पिवळट, उजव्याला पांढरा, ठसठशीत. मग वहीत तेजाची प्रत कोणत्या डोळ्याची लिहायची?

हा प्रश्न मला पुन्हा एम ८२ दीर्घिकेकडे नेतो. जानेवारी २०१४ मध्ये तिथे श्वेतबटूचा स्फोट दिसला. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या अंधारात मी तो तुलनाताऱ्यांशी ताडत होतो. कमाल तेज साडेदहाव्या प्रतीच्या आसपास गेलं. हे स्फोट मुळात जवळजवळ सारखेच तेजस्वी, आणि जास्त तेजस्वी असतो तो सावकाश मावळतो. म्हणून तर त्यांच्यावरून अंतर काढता येतं. पण एम ८२ मधल्या धुळीने सुमारे दोन प्रती गिळल्या. धूळ वगळून हिशेब केला, तर एक कोटी वीस लाख प्रकाशवर्षांचं अंतर तीन कोटींवर जातं.

धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, तेव्हा लालीवरून धूळ ओळखावी, हे खरं. पण किती लालीमागे किती तेज गेलं, याचं प्रमाण तिथे आपल्या आकाशगंगेसारखं निघालं नाही. माझं मन तिथेच अडून बसतं. आणि स्फोट मुळातच थोडा तांबूस असेल, तर ती लाली धुळीच्या खात्यावर कशी टाकायची?

कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णींनी पालोमारवर उभ्या केलेल्या झ्विकी सर्वेक्षणाने २०१८ पासून असे हजारो स्फोट टिपले, तेही वेगवेगळ्या फिल्टरांतून. आमच्याकडची मुलं मात्र फिल्टरशिवाय सुंदर चित्रं काढतात आणि तिथेच थांबतात. शके ११२८ मध्ये चांगदेवाने आजोबा भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटणादेवीच्या ज्या पाटण्यात मठ काढला, तिथे नुसत्या चित्रावर समाधान मानलेलं मला सहन होत नाही. प्रतीच्या दशांशापर्यंत अंदाज सांगणारी माझ्यासारखी नजर खानदेशात दुसरी नाही, हा माझा गर्व. शस्त्रक्रियेनंतरही तो उतरलेला नाही.

उत्तर मुकुटातला टी तारा १८६६ आणि १९४६ मध्ये भडकला होता. तिथेही श्वेतबटूच आहे, शेजारच्या तांबड्या राक्षसी ताऱ्याचं द्रव्य ओढून घेणारा. तो पुन्हा उजळायची वाट सगळे पाहताहेत. जळगाव-धुळ्याच्या निरीक्षकांनो, आतापासून रोज त्याची नोंद ठेवा. प्रतीबरोबर ताऱ्याचा रंग, क्षितिजापासूनची उंची, हवेतली धूळ आणि कोणत्या डोळ्याने पाहिलं, तेही लिहा.