यंत्राची वही

रनाळ्याच्या घरात अब्बांची एक पत्र्याची पेटी अजून आहे. तिच्यात तीन कुंचले, सुताची दोरी, निळीची पुडी आणि लाल कापडी बांधणीच्या चार वह्या. अब्बा पेंटर होते. नंदुरबारच्या बाजारातले मिरचीच्या व्यापाऱ्यांचे, खत-बियाण्यांच्या दुकानांचे कितीतरी बोर्ड त्यांच्या हातचे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण प्रत्येक बोर्डाची नोंद वहीत असायची. कोणाचा, किती फूट, पत्रा नवा की जुना, रंगाचे हात किती, पुन्हा कधी रंगवला. दुकानदार बोर्ड नवा करून घ्यायला आला की अब्बा आधी वही उघडत आणि कधी कधी आलेलं काम परत पाठवत. "सेठ, पत्रा सड गया है. रंग के पैसे मत फेंको." अम्मी आतून कपाळावर हात मारून घ्यायची.

मी त्या वह्यांची थट्टा करत असे. पुढे फ्लेक्स आले आणि कुंचल्याचं काम पाहता पाहता संपलं. अब्बांनी तक्रार केली नाही, फक्त वही लिहायची थांबवली. इकडे १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला होता. कचेऱ्या वाढल्या, बांधकामं वाढली, नकाशांच्या प्रती हव्या झाल्या. अमोनियाच्या उग्र वासाच्या निळ्या प्रती मागे पडत होत्या. मला वाटलं, आपण मोठ्या कागदावर छापणारं यंत्र घ्यावं. नकाशेही निघतील, ईदच्या शुभेच्छांची पोस्टरंही.

२०११ साली रेल्वेने सुरत गाठली आणि एका व्यापाऱ्याकडून ४२ इंची जुनं डिझाइनजेट आणलं. "इंजिनिअरच्या ऑफिसातलं आहे, फारसं चाललेलं नाही," असं तो म्हणाला. त्याने पॅनेलवर देखभालीचा आकडाही दाखवला. जवळजवळ शून्य. मी आनंदाने पैसे मोजले.

आठ महिन्यांत शाईच्या नळ्या गळू लागल्या. मग भर पावसाळ्यात पट्टाच तुटला. धुळ्याहून मेकॅनिक आला. त्याने झाकण उघडण्याआधी पॅनेलची चार बटणं दाबली आणि यंत्राला त्याचा स्वतःचाच हिशोब छापायला लावला. असं काही असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. आजवर किती छापलं, कोणत्या जातीचा कागद किती गेला, कोणत्या रंगाची शाई किती मिलिलिटर लागली, सगळं त्या एका पानावर. प्रत्येक प्रिंटहेडमधून किती शाई गेली तेही वेगळं पाहता येतं. यंत्र नेटवर्कला जोडलेलं असेल तर संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता टाकूनही बरीचशी माहिती दिसते. हे आकडे तंतोतंत असतीलच अशी हमी कंपनी आपल्या पुस्तिकेत देत नाही, पण अंदाज पक्का येतो.

मेकॅनिकने कागदाच्या रकान्यावर बोट ठेवलं. इंजिनिअरच्या ऑफिसात साधा कागद खपतो. इथे बहुतेक सगळा चकचकीत फोटोपेपर होता. किरमिजी आणि पिवळी शाई काळीच्या कितीतरी पुढे. "भाई, हे नकाशाचं यंत्र नाही. हे कुठल्यातरी पोस्टरवाल्याकडे रात्रंदिवस राबलंय."

मग तो शून्य आकडा? तो निराळा. पट्टा, नळ्या, हेड पुसणारा भाग यांच्या आयुष्याची मोजणी सर्व्हिस मेनूत चालते. मर्यादा जवळ आली की पॅनेलवर सूचना येते. भाग बदलले की मेकॅनिकने ती मोजणी शून्यावर आणायची असते. आमच्या यंत्राचे भाग तसेच होते, फक्त मोजणी पुसलेली होती. एकूण छपाईचा हिशोब मात्र पुसायचा राहून गेला होता. व्यापाऱ्याला दोष देऊन झाला, पण ते पान सौदा करण्याआधी मी मागितलंच नव्हतं, हेही खरं. चार बटणांचं काम होतं.

फ्लेक्सची गोष्ट आणखी अवघड. सॉल्व्हंटची शाई वापरणाऱ्या कितीतरी स्वस्त यंत्रांच्या पोटात असा हिशोब नसतोच. झालेल्या कामांची यादी असते ती त्याला जोडलेल्या संगणकात, छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये. संगणक फॉरमॅट केला की यादी गेली. म्हणून विकणारा "संगणक वेगळा आहे, तो देणार नाही" म्हणाला की माझे कान टवकारतात.

त्या पावसाळ्यानंतर मी वही घातली. दुकानाच्या टेबलावरच ठेवलेली, साधी शंभर पानी. पट्टा कधी, नळ्या कधी, कोणतं हेड कोणत्या तारखेला. अब्बा तेव्हा होते. एकदा त्यांनी ती चाळली, काही बोलले नाहीत. फक्त समासाची रेघ मारायला सांगितली.

२०२४ मध्ये यंत्र विकायला काढलं. मुलीची फी भरायची होती. एक ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, पाचशे रुपये द्या, मोजणी शून्य करून देतो, दहा हजार जास्त येतील. मी नाही म्हणालो नाही. "बघू" म्हणालो. दोन दिवस तो "बघू" माझ्यासोबत जेवला, झोपला. फी भरायला आठवडा उरला होता. तिसऱ्या दिवशी शहाद्याहून एक पोरगा यंत्र पाहायला आला. नवं दुकान टाकणार होता, सोबत त्याचा मामा. मेकॅनिकला फोन लावायचा तर तीच वेळ होती. मी बटणं दाबली. पान बाहेर आलं, शेवटचा कोपरा जरा फिका. पाठीमागे वहीतल्या तारखा उतरवून दिल्या.

पोराने पान उलटसुलट करून पाहिलं. "चाचा, हे बिल आहे का?"

त्याला एकेक रकाना समजावून सांगितला. मामा शांतपणे ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने नळ्यांच्या तारखेवर बोट ठेवलं आणि माझ्याच कागदावरून माझे नऊ हजार पाडले.