सोळा नंबर

सोमवारी मधल्या सुट्टीत तो स्टाफरूमच्या दाराशी आला. हातात पिशवी. पिशवीत धुऊन घडी केलेली जर्सी, सोळा नंबरची.

"सर, ये रख लो. अब्बू बोलते हैं शामको कारखानेपे आ."

मी "बरं" म्हणालो. फक्त "बरं". पुढच्या तासाची घंटा झाली आणि तो गेला.

मी भिवंडीतल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर खेळाचा शिक्षक आहे. मैदान म्हणजे दोन बाजूंना यंत्रमागाचे कारखाने आणि मधे उरलेली मातीची जागा. मी शिट्टी वाजवली तरी मागांच्या खटखटीत ती पलीकडच्या बॅकला ऐकू जात नाही, म्हणून आमची टीम हात बघून खेळते. बाहेरच्या कुणाला हे सांगितलं की हसू येतं. आम्हाला सवय आहे.

गेल्या पावसाळ्यातल्या तालुका स्पर्धेत आम्ही तीन मॅच जिंकलो, चौथी हरलो. नववीतला हा सोळा नंबर चारही मॅचना बूट बांधून बसला होता. एक मिनिटही खेळला नाही. तिसऱ्या मॅचमध्ये आम्ही चार-शून्यने पुढे होतो आणि पंधरा मिनिटं बाकी होती. तो उठून साइडलाइनला पळायला लागला, अंग गरम करत. एकदा माझ्यासमोरून गेला, मग परत गेला. मला दिसत होतं. पण मला पाचवा गोल हवा होता. पाच-शून्य स्टेटसला बरं दिसतं.

पाचवा गोल झालाच नाही.

त्याच्या घरची परिस्थिती मला माहीत नव्हती असं नाही. मागावर बारा तासांची पाळी असते, एक माणूस एकाच वेळी अनेक माग सांभाळतो आणि पैसे मीटरवर मिळतात. घरातला आणखी एक हात कांडी भरायला लागला तर तेवढाच आधार. त्यामुळे तो फक्त माझ्यामुळे गेला, असं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं समजणं होईल. पण घरच्यांशी भांडून मैदानावर यायला त्याच्याकडे काहीतरी कारण हवं होतं. ते देणं माझ्या हातात होतं.

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. आमच्या घरीही सगळे जागे होते. कॅमेरा कोचवर गेला तेव्हा पप्पा एकदम म्हणाले, "अरे, हा तोच ना, पॅड बांधून बसलेला?"

तोच, अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल. शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९, धावसंख्या दोन बाद ७४८. ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा अमोल पॅड बांधून बसला होता आणि त्याचा नंबर लागलाच नाही, हे त्याच गोष्टीच्या कडेला असतं. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा जमवल्या, तरी भारताकडून खेळायला एकदाही मिळालं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी त्या मुलांच्या सरांबद्दल वाचत बसलो.

रमाकांत आचरेकर स्वतः फक्त एक प्रथम श्रेणी सामना खेळले, स्टेट बँकेकडून. नोकरीही बँकेतच. शाळेच्या पोरांना शिकवून त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य आणि २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. स्टंपवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र स्कूटरपाशी थांबलो. सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मॅचमधून दुसऱ्या मॅचला न्यायचे. जाळ्यातल्या सरावापेक्षा त्यांचा भर मॅचवर होता. मी आजवर हे 'मेहनत' या खात्यात टाकत होतो. आता वाटलं, याचा साधा अर्थ असा की पोराला खेळायला मिळालं पाहिजे. इथे नाही तर तिथे.

आणि त्या ६६४ चा शेवट. सरांचे सहायक सीमारेषेवरून डाव घोषित करा म्हणून ओरडत होते आणि ही दोघं न ऐकल्यासारखं करत होती, असं सांगतात. शेवटी लंचला सरांना फोन लावला. विनोद म्हणाला, ३५० ला एकच धाव हवी आहे. सर म्हणाले, घोषित करा.

एक धाव! मी पाचव्या गोलसाठी पंधरा मिनिटं धरून बसलो होतो.

डिसेंबरपासून मी नियम केला. ज्याच्या अंगावर जर्सी, तो प्रत्येक मॅच खेळणार. जानेवारीत शेजारच्या शाळेबरोबर तीन-शून्यने पुढे असताना मी तीन पोरं बदलली आणि मॅच तीन-तीन झाली. आमचा कॅप्टन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मुख्याध्यापकांनीही विचारलं, "जिंकलेली मॅच अशी का घालवलीत?" माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. मॅच संपल्यावर त्या तिघांचे बूट चिखलाने भरले होते, हे काही रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.

त्याच आठवड्यात मी सोळा नंबरच्या घरी गेलो. त्याच्या अब्बूंनी चहा दिला. मी पोराला सोडा असं म्हणालो नाही, तो अधिकार माझा नाही. एवढंच म्हणालो, "गलती मेरी थी. उसको खिलाया नहीं." ते बराच वेळ कपाकडे बघत होते. मग म्हणाले, "जुम्मेको माग बंद रहता है, सर."

आता तो शुक्रवारी संध्याकाळी येतो. कधी येतो, कधी नाही. सहा महिन्यांत दम कमी झालाय, पहिला टच जड झालाय. स्पर्धेच्या टीममध्ये येईल की नाही, सांगता येत नाही.

शुक्रवारी आसपासचे बरेच माग बंद असतात, तेव्हा माझी शिट्टी मैदानभर ऐकू येते. गेल्या शुक्रवारी तो उशिरा आला आणि बाकीच्यांच्या मागे जाऊन उभा राहिला, सवयीने.

मी बॅगेतून जर्सी काढून त्याच्याकडे टाकली.

"पहले तू उतर."