फुंकर कुणी मारली?

आमच्या घरी रॉकेटचा विषय निघाला की तो टिपू सुलतानपासून सुरू व्हायचा आणि डॉ. कलामांवर येऊन संपायचा. दोन्ही नावं अभिमानाने घेतली जायची. पण रॉकेट पुढे जातं कसं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

म्हणून वर्ध्यात मोहल्ल्यातल्या मुलांना दर रविवारी शिकवायचं ठरलं, तेव्हा मी कागदाच्या रॉकेटपासून सुरुवात केली. लागलं काय, तर पाठकोरे कागद, पेन्सिल, चिकटपट्टी आणि स्ट्रॉ. पेन्सिलीवर कागदाची पट्टी गुंडाळून चिकटवायची. एक टोक दुमडून बंद करायचं, दुसऱ्या टोकाला तीन त्रिकोणी पंख लावायचे. पेन्सिल काढून आत स्ट्रॉ सरकवायचा आणि जोरात फुंकायचं.

बिनपंखांचं रॉकेट कोलांट्या खात जवळच पडलं. पंखांचं सरळ समोरच्या भिंतीवर आदळलं. एकाने मुद्दाम पंख पुढच्या टोकाला लावले, तर ते हवेतच उलटं फिरलं. मागे पंख असले की रॉकेट जरा तिरकं झालं तरी हवा त्याला पुन्हा सरळ करते. टिपूच्या रॉकेटला लांब बांबू बांधलेला असे, तो याच कामासाठी. आणि त्याची दारू लोखंडी नळीत ठासलेली असे. कागदी नळीपेक्षा ती आतला दाब जास्त सोसायची, म्हणून ते रॉकेट लांब जायचं. मुलं खूश झाली. टिपूचं नाव त्यांना माहीत होतं, बांबूचं कारण नव्हतं.

मग मी फळ्यावर न्यूटनचा तिसरा नियम लिहिला आणि सांगितलं, आपलं रॉकेट याच नियमाने उडालं. मागे बसलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, "पण सर, फुंकर तं आपण मारली. रॉकेटनं तं काहीच मागं टाकलं नाही."

मी गप्प झालो. तिचं म्हणणं खरं होतं. आमचं कागदी रॉकेट बंदुकीच्या गोळीसारखं होतं, आपल्या श्वासाच्या दाबाने ढकललेलं. खरं रॉकेट इंधन आणि ते जाळायला लागणारा ऑक्सिजन दोन्ही सोबत नेतं. तयार झालेला वायू ते मागे फेकतं, आणि त्या फेकण्यानेच स्वतः पुढे जातं.

"आधी ऐकून घे" असं मला म्हणता आलं असतं. लहानपणी मी ते वाक्य शाळेतही ऐकलंय आणि मदरशातही. त्यानंतर मी प्रश्न विचारणं सोडलं होतं. मी फळा पुसला आणि म्हणालो, "बेटा, तू बरोबर आहेस. मी चुकलो."

मग स्ट्रॉमधून दोरा ओवून तो खिडकीपासून दारापर्यंत ताणला, स्ट्रॉला फुगवलेला फुगा चिकटवला आणि तोंड सोडलं. फुगा सरसर दारापर्यंत गेला. या वेळी हवा रॉकेटने स्वतः आणली होती. एकाने विचारलं, "ती हवा मागच्या हवेला रेटते म्हणून फुगा पुढं जाते का?" 1920 साली न्यूयॉर्क टाइम्सने हीच समजूत धरून रॉबर्ट गॉडार्डची थट्टा केली होती, की पोकळीत रॉकेट चालणारच नाही. चूक त्यांनी कबूल केली जुलै 1969 मध्ये, अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर असताना.

हे सगळं वर्ध्यात घडलं, याचं मला विशेष वाटतं. ऑक्टोबर 1937 मध्ये इथेच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने काम करत शिकण्याचा आराखडा करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन होते, पुढे देशाचे राष्ट्रपती झालेले. ही कल्पना काही अगदी नवी नाही, हे त्यांनी त्याच परिषदेत गांधीजींसमोर सांगितलं होतं. त्याने गांधीजींचा मान कमी झाला नाही, आणि समितीचं अध्यक्षपदही झाकिर साहेबांकडेच आलं. टिपू आणि कलाम यांच्या मध्ये हे नाव आपण सहसा घेत नाही. घ्यायला हवं.

पुढच्या रविवारी ती मुलगी तीन वेगवेगळ्या लांबीची रॉकेटं आणि अब्बांची शिलाईची टेप घेऊन आली. मधलं सगळ्यात लांब गेलं. का, ते या रविवारी बघायचंय.